खंजिरी शेकायची वेळ

वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा फोटो नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्हरांड्यात, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानातल्या गल्ल्याच्या वर. फोटोला हार असतो, उदबत्ती असते आणि फोटोतल्या हातात पुष्कळदा खंजिरी असते. मी या भागात गेलो तो त्या खंजिरीसाठी. संत म्हणून, समाजसुधारक म्हणून, ग्रामगीतेचे कर्ते म्हणून महाराजांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. नागपूरच्या विद्यापीठाला २००५ पासून त्यांचं नाव आहे. पण सगळ्यात आधी ते गायक होते. माझ्या कपाटात मराठी संगीतावरची जी पुस्तकं आहेत, त्यांतल्या एकातही या गायकाला धड एक पान मिळालेलं नाही. ही गोष्ट मला बरीच वर्षं सलते आहे.

हे सलणं सुरू झालं ते जमैकाच्या रेगे गाण्यामुळे. कॉलेजात असताना एका मित्राकडच्या कॅसेटवर मी बर्निंग स्पिअर ऐकला. खरं नाव विन्स्टन रॉडनी, गाव सेंट अ‍ॅन्स बे. काळ्या माणसांच्या स्वाभिमानाची चळवळ उभी करणारे मार्कस गार्वी याच गावचे. रॉडनीने १९७५ मध्ये त्यांच्याच नावाचा अल्बम काढला. बॉब मार्ली जगाला ठाऊक झाला, रॉडनी त्या मानाने बाजूला राहिला. त्याच्या गाण्यात ताना नाहीत, हरकती नाहीत. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दर खेपेला वजन थोडं बदलून, आणि खालचा ठेका अजिबात घाई करत नाही. या गाण्याची मुळं रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या रात्र-रात्र चालणाऱ्या बैठकांत आहेत. तिथे तीन प्रकारचे ढोल असतात: बेस, फुंदे आणि रिपीटर. पहिला जमीन धरतो, दुसरा चाल राखतो, तिसरा बोलतो. प्रार्थना तीच, गाऱ्हाणं तेच आणि सभाही तीच. पुढे बऱ्याच वर्षांनी तुकडोजी महाराजांच्या स्वतःच्या आवाजातलं एक जुनं, खरखरणारं ध्वनिमुद्रण कानावर पडलं आणि मी ताडकन उठून बसलो. भाषा वेगळी, देव वेगळा, पण हा माणूस त्याच कुळातलं गाणं गात होता.

अकोल्यात उतरलो तेव्हा थंडी ऐन भरात होती. पुण्याच्या थंडीत दमटपणा असतो, इथली कोरडी असते. ती ओठांना आधी लागते. जुन्या शहरात राजराजेश्वराच्या देवळाच्या बाजूला एक बाई पाटीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. मीठ घालून उकडलेल्या, अजून वाफ निघणाऱ्या. शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात आणि साल हातात. ओल्या तुरीच्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात आणि थंडीभर घराघरांतून सोल्यांची भाजी, सोलेभात, सोल्यांची कचोरी चालू असते. आमच्याकडे तूर म्हणजे डब्यातली डाळ. ती हिरवी असताना कशी लागते हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, कुठले, कशाला आलात. भजन ऐकायला, म्हटल्यावर त्यांनी शेंगांची आणखी एक मूठ कागदावर टाकली. "भजनाले आले जी? मंग बस स्टँडवर कायले फिरता, अकोटाकडं जा. तिकडं रोजच्या रोज हाये."

महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. पण गावोगावी ती सोयीनं होते. सोयाबीन निघालं की एक गाव करतं, कपाशीची वेचणी उरकली की दुसरं. त्यामुळे दिवाळीपासून पार जानेवारी संपेपर्यंत अकोला-अमरावती या दोन जिल्ह्यांत कुठे ना कुठे मांडव पडलेला असतो. पीक आणि भजन यांचं वेळापत्रक एकच आहे.

अकोटच्या रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. श्रावणात अकोल्याची माणसं इथलंच पाणी कावडीत भरून रात्रभर चालत राजराजेश्वराला नेतात. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. जमीन काळीभोर, लोण्यासारखी, पण खालचं पाणी खारं. विहीर खणली तरी ते पिकाला चालत नाही आणि माणसाच्याही कामाचं नाही. वर पडेल त्या पावसावर सगळं. मैलोन्‌मैल सपाटी, कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांवर राहिलेली एखाददुसरी बोंडं, मधेच हरभऱ्याचा हिरवा चौकोन, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. मी डोंगरांत वाढलो. आमच्याकडे गाव वळणामागून एकदम समोर येतं. इथे ते अर्धा तास आधीपासून दिसत राहतं आणि त्याचा आवाजही तितकाच आधी येतो. लाउडस्पीकरवरचं भजन शेतं ओलांडून आमच्या काळी-पिवळीच्या खिडकीत शिरलं तेव्हा गावाची झाडंसुद्धा नीट दिसत नव्हती.

अकोला जिल्ह्यातलं सिरसोली हे गाव दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवावं. १८०३ च्या नोव्हेंबरात इथल्याच अडगाव-सिरसोलीच्या शिवारात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि वऱ्हाडाचं भवितव्य फिरलं. दुसरी गोष्ट म्हणजे सत्यपाल महाराज या गावचे. समोर सात खंजिऱ्या मांडून एकटा माणूस त्या एकाच वेळी वाजवतो आहे, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. प्रत्येक खंजिरीचा ताण वेगळा, म्हणून बोल वेगळा. हात इतके झरझर फिरतात की कुठला घाव कुठे पडला ते डोळ्यांना कळत नाही, कानांनाच कळतं. वादन रंगात आलं की ते एकदम थांबवतात आणि अस्सल वऱ्हाडीत समोरच्यांना प्रश्न टाकतात: दारूबद्दल, हुंड्याबद्दल, अंगात येण्याबद्दल, गावातल्या घाणीबद्दल. मांडव हसून हसून लोटपोट होतो, आणि हसता हसता एखादा मान खाली घालतो. मग पुन्हा साती खंजिऱ्या. २०१७ च्या मे महिन्यात मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा मांडवात उभे राहिले. १९७६ च्या डिसेंबरात किंग्स्टनला बॉब मार्लीवर घरात घुसून गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोनच दिवसांनी तो हजारो लोकांपुढे गायला, ही हकिगत जगभर सांगितली जाते. सत्यपाल महाराजांची हकिगत वऱ्हाडाबाहेर किती जणांना माहीत आहे? त्यांच्या हाताखाली तयार झालेली तरुण मुलं आता स्वतःच्या नावापुढे 'पाल' लावून महाराष्ट्रभर कार्यक्रम करतात. संगीतातलं घराणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तरीही या वादनाला 'प्रबोधनाचा कार्यक्रम' म्हणतात, मैफल म्हणत नाहीत. प्रबोधन तर ते आहेच. पण ज्या हातांनी सात ताण सात बोलांत बांधले त्या हातांची दाद संगीताच्या खात्यात जमा व्हायला हवी.

अकोटच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात खंजिरी भजन स्पर्धा होती. मी तिथे संध्याकाळीच पोचलो. मांडवाच्या एका टोकाला मंच. मंचावर तुकडोजी महाराजांचा फोटो, आणि फोटोपुढे गादी-तक्क्याचं रिकामं आसन. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेपुढे मूर्ती नसते, असं अधिष्ठान असतं. माणसं एकमेकांना 'जय गुरू' म्हणत होती, डोक्यावर भगव्या टोप्या. मांडवामागे चुलवणावर मोठ्या कढयांत आलू-वांग्याची भाजी शिजत होती. बायका पोळ्या लाटत होत्या, बाजूला बुंदीचं टोपलं. आमच्याकडच्या देवळाच्या जेवणात मसालेभात आणि जिलबी असते आणि पानात काय कुठे वाढायचं याचे नियम असतात. इथे पंगतीत बसलेल्या माणसाकडे बघायचं आणि त्याचं ताट रिकामं दिसेल तिथे वाढायचं, एवढा एकच नियम. वांग्याच्या भाजीवर तेलाचा लाल तवंग होता आणि तिखट असं की कानामागून घाम आला. तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

मंडळं जमत होती. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोणी टेम्पोत. मांडवाच्या बाहेर पऱ्हाट्यांची शेकोटी पेटली होती आणि तिच्याभोवती माणसं खंजिऱ्या घेऊन बसली होती. एका म्हाताऱ्या भजनीबुवांच्या शेजारी मी बसलो. त्यांची खंजिरी जुनी, लाकडी कड्याची. हाताच्या घामाने कड्याला काळपट चकाकी आलेली. कड्याच्या खाचांत पितळी चकत्यांच्या जोड्या, त्यांतली एक जोडी नंतर बसवलेली, जरा उजळ. ते खंजिरी आडवी धरून जाळावरून फिरवायचे, पाठ, मग पोट, मग अंगठ्याने कडेला हलकीच टिचकी. ऐकायचे. पुन्हा जाळावर. "थंडीत चमडं ढिलं पडते," ते म्हणाले, "शेकल्याबिगर बोलत नाही थे. अन् जास्त शेकलं त फाटते." बाजूच्या पोरांच्या खंजिऱ्यांना प्लास्टिकचा पडदा होता आणि कड्याला नटबोल्ट. त्यांना शेकावं लागत नाही, पाना फिरवला की झालं. बुवांनी त्यांतली एक मागून घेतली, वाजवून पाहिली आणि परत दिली. काही बोलले नाहीत. मग आपलीवर एक बोल काढला. मला फरक कळला. प्लास्टिकचा आवाज वर उडतो आणि संपतो. चामड्याचा आवाज आधी खाली बसतो, मग चकत्यांची किणकिण त्याच्या मागून येते. त्या दोन्हींमध्ये एक जागा राहते, आणि शब्द त्या जागेत बसतो.

स्पर्धा रात्री सुरू झाली. एकेक मंडळ मंचावर यायचं: पेटी, तबला, टाळ आणि दोन-तीन खंजिऱ्या. एका महिला मंडळातल्या सगळ्यांनी सारख्या जांभळ्या साड्या नेसल्या होत्या. पेटीवर पन्नाशीच्या बाई आणि खंजिरीवर नववी-दहावीतली मुलगी. पहिलं भजन दारूवर होतं. केरव्याचा साधा ठेका, मध्य लय. मुख्य बाईंचा आवाज शेतातून हाक मारायला घडलेला. त्यात गोडवा कमी, पल्ला मोठा. त्या ओळ म्हणायच्या, मागच्या बायका उचलायच्या, मग ती ओळ मांडवातून परत यायची. तिसऱ्या फेरीत मुलीने खंजिरी अचानक बंद केली आणि पुढची ओळ नुसत्या आवाजात आली, खाली काहीच नाही. त्या ओळीत नवऱ्याला विचारलेला एक प्रश्न होता. पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. मग खंजिरी परत समेवर आली आणि मांडव सुटला. पुण्यात मी सवाई गंधर्व महोत्सवात मांडीवर ताल धरून बसलो आहे, समेला आम्ही सगळे एकदम 'वा' म्हणतो. ती दाद गायकाला असते. इथे दाद देताना माणसं स्वतःच गाऊ लागतात. कुणी गायलं आणि कुणी ऐकलं याचा हिशेब मागे पडतो. रॉडनीच्या गाण्यात जी बैठक मला कॅसेटमधून अर्धीमुर्धी ऐकू यायची, ती इथे चहूबाजूंनी चालू होती.

सगळंच असं नव्हतं. मध्यरात्रीनंतर तरुण पोरांची मंडळं आली आणि लय चढली. हातांची तयारी विलक्षण, एकेकाच्या बोटांत पाऱ्यासारखी चपळाई. दोघा पोरांनी पाठीला पाठ लावून खंजिऱ्या डोक्यावर फिरवून वाजवल्या तेव्हा टाळ्या थांबेनात. पण गाणं कुठलं चालू होतं ते मला सांगता आलं नसतं. चाल सिनेमातली, ओळ संपायच्या आधी पुढची आलेली. माझ्या शेजारचे बुवा मान हलवत होते. "हात चांगला हाये पोट्ट्यायचा. पन शब्द कुठं गेले?" आणि थोड्या वेळाने, "महाराजायचं भजन हाये ना बाप्पा, डीजे नाही." मला बुवांचं पटतं. या गाण्याचं सगळं बळ त्याच्या घाई न करण्यात आहे. गाणाऱ्याला समोरच्या माणसाचं मन वळवायचं आहे, त्याला विचार करायला एक मात्रा तरी मोकळी द्यावी लागते. रेगेत तर पहिली मात्राच रिकामी सोडतात आणि ठोका तिसरीवर टाकतात. ऐकणारा त्या पोकळीत आपोआप ओढला जातो. लय चढवली की बक्षीस मिळतं, पण ती पोकळी बुजते. परीक्षकांनी त्या रात्री पहिलं बक्षीस जांभळ्या साड्यांना दिलं. मला फार बरं वाटलं.

अंजनगाव सुर्जीचा रस्ता पानमळ्यांतून जातो. उंच शेवऱ्यांवर चढवलेल्या पानवेली, आत गारवा आणि ओला वास. इतक्या कोरड्या मुलखात हे हिरवं अंधारं मळ्याचं जग अगदी अनपेक्षित. याच तालुक्यात शेंडगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ ला इथे डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले, म्हणजे गाडगेबाबा. तुकडोजी महाराजांचं गाणं ज्या मातीतून उगवलं ती माती आधी गाडगेबाबांनी नांगरून ठेवली होती. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांशी चालवलेली प्रश्नोत्तरं. उत्तर समोरून यायला हवं, नाहीतर कीर्तन पुढे सरकत नसे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना भाषेच्या लयीवरच सगळं तोललेलं कळतं. वाक्य कुठे तोडायचं, कुठला शब्द तीनदा म्हणायचा, गोपाळाचा गजर नेमका कधी उचलायचा. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीपाशी प्रवासातच त्यांचा देह पडला. दर्यापूर, खोलापूर मागे टाकून मी वलगावला आलो तेव्हा पेढीत पाणी थोडं होतं. पुलावरून कापसाने फुगलेले ट्रक जात होते.

अमरावती शहराला स्वतःचा असा मोकळा स्वभाव आहे. संध्याकाळी राजकमल चौकाकडे पायी निघालो तर तासाभरात तिघांनी पत्ता न विचारता सांगितला. एका गाडीवर गिला वडा खाल्ला. उडदाचा वडा, वर पातळ दही आणि चटणीची तिखट धार, पानाच्या द्रोणात. मी पहिला घास घेईपर्यंत गाडीवाला माझ्याकडे बघत थांबून राहिला आणि मी मान हलवल्यावरच त्याने पैसे घेतले. हे शहर गाण्याच्या माणसांचंही आहे. सुरेश भट इथेच १९३२ मध्ये जन्मले. गझलगायक भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. वऱ्हाडी माणूस गझलेचा शेर ज्या आदराने ऐकतो तो पाहण्यासारखा असतो. गझलेला इथे सभागृह मिळालं, तिकीट मिळालं, वर्तमानपत्रात समीक्षा मिळाली, आणि ते योग्यच झालं. पण जिच्या अंगणात ही सगळी मंडळी लहानाची मोठी झाली, त्या खंजिरीला मांडव आणि महाप्रसाद एवढंच मिळालं. फुकट मिळतं त्याला आपण कला म्हणायला कचरतो, हे पुण्याला जितकं लागू आहे तितकंच अमरावतीलाही.

मोर्शी रस्त्याच्या बाजूचं यावली. ३० एप्रिल १९०९ ला इथे बंडोजी इंगळे आणि मंजुळाबाई यांच्या घरी माणिक जन्मला. घर गरीब, शाळा तिसरीच्या आसपास सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे मुलगा भजनं म्हणायचा आणि त्यांनीच त्याला 'तुकड्या' हे नाव दिलं. गुरू गेल्यावर पोरवयातच तो रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोड्याच्या जंगलांत भटकत राहिला. लोकांकडे परत आला तो खंजिरी घेऊन. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला मुक्काम झाला. १९४२ मध्ये चिमूर-आष्टीकडे लोक पेटून उठले तेव्हा सरकारने या गायकाला उचलून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणाऱ्या माणसाची इंग्रज सरकारला इतकी धास्ती का वाटली असेल, याचं उत्तर त्या मांडवात बसल्याशिवाय कळत नाही. हजारो माणसं एका ठेक्यावर एकच ओळ म्हणू लागली की तिला आवरणं कुठल्याही सरकारला जड जातं. पुढे १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. ग्रामगीतेचे ४१ अध्याय लिहिले आणि ते ग्रामदेवतेला वाहिले. मराठीत रचलं, सोप्या हिंदीत रचलं, जेणेकरून सातपुड्याच्या पलीकडल्यालाही कळावं. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला.

गुरुकुंज नागपूरच्या हमरस्त्यावरच आहे. एका बाजूला समाधी आणि प्रार्थनेचं आवार, जवळच दासटेकडी. दर पुण्यतिथीला इथे लाखोंचा समुदाय जमतो आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मौन धरतात, रस्त्यावरची वाहतूकसुद्धा थांबते. मी गेलो तेव्हा तसं काही नव्हतं, साधा वार होता. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला माणसं रांगेत बसली. बायका, पोरं, शेतावरून थेट आलेले दोन-चार जण, नागपूरला जाता जाता गाडी थांबवलेलं एक कुटुंब. कुणी कुणाला जागा दाखवत नव्हतं, ज्याला जिथे जागा तिथे तो. प्रार्थना संथ चालीत सुरू झाली. या चालीत एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तिला सुरेल आवाज लागत नाही. बेसूर माणूसही तिच्यात सामावतो आणि एकूण आवाज मात्र सुरातच राहतो. अशी चाल बांधणं हे मोठ्या संगीतकाराचं काम आहे. मैफलीचं गाणं गवयापुरतं बांधायचं असतं. हे गाणं, ज्याने आयुष्यात कधी गायलं नाही अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं आहे.

तिथे ओळख झालेल्या एका सेवकाने दुसऱ्या दिवशी मला जवळच्या गावात आपल्या घरी नेलं. त्याचे वडील, आबाजी, ऐंशीच्या पुढचे, या भागातले जुने भजनी. ओसरीवर संत्र्यांची टोपली ठेवलेली. मी बसायच्या आत पाणी, संत्री आणि चहा, या क्रमाने आलं. "जेवल्याबिगर जाऊ नका जी," हे आतून दोनदा सांगून झालं. नात अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती. तिने मोबाइलवर आजोबांची भजनं मुद्रित करायला घेतली आहेत. नुसती मुद्रित करत नाही. प्रत्येक भजनाखाली वहीत लिहून ठेवते: ही चाल कुणाकडून आली, कुठल्या गावात शिकली, ठेका कुठला, धृपद किती वेळा येतं. मी ती वही बराच वेळ पाहत बसलो. गावांची नावं, माणसांची नावं, काही ठिकाणी 'आबाजींना आठवत नाही'. मी ज्या पुस्तकांच्या शोधात होतो त्यांचं पहिलं पान असंच दिसलं असतं.

आबाजींनी त्या दुपारी एक भजन म्हटलं. आवाज थकलेला, वरच्या पट्टीत फाटणारा, पण शब्दाला धक्का नाही. खंजिरी मांडीवर टेकवून हळू वाजवत होते. मुद्रण संपल्यावर म्हणाले, याच भजनाला आणखी एक चाल आहे. ती त्यांच्या वडिलांची. वडिलांनी खुद्द महाराजांच्या तोंडून ऐकली होती, गावातल्या पटांगणात, कंदिलाच्या उजेडात. आता ती चाल कुणी म्हणत नाही. मंडळात नवी चाल बसली, सगळ्यांना तीच येते.

"मग म्हणा ना ती," नात म्हणाली.

"जेवन झाल्यावर पाहू."

"तुम्ही काल पन हेच म्हटलं होतं, आबाजी. परवा पन."

"पहिली ओळ आठवते. दुसऱ्या ओळीत वर जाते का खाली, थे ध्यानात येत नाही."

"दोन्ही म्हणा. वर पन, खाली पन. कोणती बरोबर ते मागून ठरवू."

आतून ताटं वाढल्याची हाक आली. आबाजींनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने वहीचं नवं पान काढून वर गावाचं नाव लिहिलं आणि फोन त्यांच्या गुडघ्याशी सरकवला.

"खालची आधी म्हनतो," ते म्हणाले.